एमबीआर तुंबतं, ते का?

शिरूर तालुक्यातल्या कारेगावला खेटून रांजणगाव एमआयडीसी आहे आणि तालुक्याचा पाऊस बेताचा. इथलं सांडपाणी पुन्हा वापरायचं तर एमबीआर, म्हणजे जिवाणूंच्या टाकीतच मेम्ब्रेन बुडवून पाणी गाळणं, मला सर्वांत भरवशाचं वाटतं. छिद्रं साधारण 0.04 ते 0.4 मायक्रॉनची, बहुतेक जिवाणू त्यातून जातच नाहीत. यावर आक्षेप ठरलेला: मेम्ब्रेन चोक होतं. होतं, पण कशाने ते बघा. बाहेर काढलेल्या मेम्ब्रेनवर तपकिरी, बुळबुळीत थर असतो. तो बराचसा जिवाणूंनीच सोडलेल्या प्रथिनांचा आणि शर्करांचा. येणाऱ्या घाणीचा लोड अचानक वाढला, ऑक्सिजन कमी पडला की हा चिकटा वाढतो. तेल-ग्रीस आलं तर आणखी पंचाईत. म्हणून नुसतं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि सायट्रिक ॲसिडने धुऊन भागत नाही. आधीची, लोडचे चढउतार सावरणारी इक्वलायझेशन टाकी पुरेशी मोठी हवी आणि पंप संथ चालवायला हवा. रॉबर्ट फील्ड आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये ‘क्रिटिकल फ्लक्स’ची कल्पना मांडली, तिचा गाभा हाच: ठरावीक वेगाच्या आत गाळलं तर थर फारसा साचत नाही.

वीज जास्त लागते, हे मान्यच; मेम्ब्रेन घासायला सतत हवा सोडावी लागते. क्षारही निघत नाहीत. पण सेटलिंग टाकीची जागा वाचते आणि आरओला थेट देता येईल इतकं नितळ पाणी मिळतं.