काजळीने अडवलेली रायफल

पोलीस बंदोबस्तात लाकडी दस्त्याची लांब रायफल घेतलेला शिपाई आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेला असतो. त्या रायफलीला ‘एसएलआर’ म्हणतात. सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे आपली आपण भरली जाणारी. चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते. दुसऱ्या गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो. मशीनगनप्रमाणे नुसता दाबून धरून चालत नाही. म्हणून ही अर्धस्वयंचलित रायफल.

तिच्या आधीची आपली ‘थ्री नॉट थ्री’ अशी नव्हती. तिथे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. एवढे होईपर्यंत नेम हलायचा आणि समोरच्याला तेवढीच उसंत मिळायची.

मग हे हाताचे काम रायफलीकडून करून घ्यायला शक्ती कुठून आणायची? उत्तर तिच्याच पोटात होते. कुकरची शिट्टी जशी आतल्या वाफेनेच उचलली जाते, तसा गोळी ढकलणाऱ्या वायूचा थोडा भाग किंवा खांद्याला बसणारा धक्का वापरून बोल्ट मागे ढकलता येतो. पुढे आणायला स्प्रिंग असतेच. मूळचे अमेरिकन आणि पुढे लंडनला स्थायिक झालेले हायरम मॅक्झिम यांनी १८८३ साली धक्क्यावर आपोआप भरल्या जाणाऱ्या रायफलीचे पेटंट घेतले. मशीनगनचे जनक ते हेच. ऑस्ट्रियाचे फर्डिनांड फॉन मान्लिखर हे रेल्वेतले इंजिनिअर. त्यांनी १८८५ मध्ये अशी रायफल प्रत्यक्ष घडवली.

कल्पना बरोबर होती. चुकीची होती ती दारू.

दिवाळीत भुईनळा उडवल्यावर अंगणात उरणारी काळी राख आठवा. त्या काळी काडतुसात जवळपास अशीच काळी दारू असे. ती जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपातच उरतो. थोडा धुरावाटे जातो, बाकीचा नळीत आणि सांध्यांत काजळी होऊन बसतो. हाताने चालवायच्या बंदुकीत माणूस जरा जोर लावून बोल्ट ओढून घेई. आपोआप चालणाऱ्या यंत्राला ते कसे जमणार? चार गोळ्या सुटल्या की ते जड होऊ लागे.

ही अडचण एका रसायनशास्त्रज्ञाने दूर केली. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून जवळजवळ धूर न करणारी दारू बनवली. दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याने तिच्यावर चालणारी लेबेल रायफल स्वीकारली. काजळी एकदम कमी झाली. त्यानंतर अर्धस्वयंचलित रायफली सैन्यात भराभर यायला हव्या होत्या, पण तसे झाले नाही. शिपायाच्या हाती असे हत्यार दिले तर तो दारूगोळा उधळून टाकील, ही सेनापतींची धास्ती. शिवाय ती महाग, नाजूक आणि वजनाने जड. १९०५ च्या सुमारास अमेरिकेत अशा रायफली दुकानात मिळू लागल्या, पण त्या शिकाऱ्यांसाठी.

पहिले धाडस केले मेक्सिकोने. तोफखान्याचे अधिकारी मान्युएल मोंद्रागोन यांनी वायूवर चालणारी रायफल रचली होती. देशात ती बनवण्याची सोय नव्हती, म्हणून काम स्वित्झर्लंडच्या सिग कारखान्याकडे गेले. १९०८ मध्ये सैन्याने ती स्वीकारली आणि तिला राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियाझ यांचे नाव दिले! चार हजारांची मागणी होती. त्यातल्या थोड्याच पोचतात तोच १९१० मध्ये क्रांती पेटली आणि पुढच्या वर्षी दियाझ यांनी राजीनामा दिला. उरलेल्या रायफली पहिल्या महायुद्धात जर्मनीने घेतल्या. खंदकातल्या चिखलात त्या अडकू लागल्या, तेव्हा त्या विमानातल्या सैनिकांना दिल्या, कारण वर चिखल नसतो. खुद्द मोंद्रागोन १९१३ च्या लष्करी बंडात सामील झाले, काही महिने युद्धमंत्रीही होते. त्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला आणि १९२२ मध्ये स्पेनमध्ये त्यांचे निधन झाले.

महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत फ्रान्सने ऐंशी हजारांहून अधिक अर्धस्वयंचलित रायफली बनवल्या, तरी सगळ्या पायदळाला ती देण्याची हिंमत कुणी केली नव्हती. ती अमेरिकेने केली. कॅनडात जन्मलेले जॉन गॅरंड लहानपणी कापडगिरणीत झाडू मारत आणि तिथेच यंत्रकाम शिकले. १९१९ पासून ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात होते. त्यांची पहिली रचना काडतुसाच्या बुडातल्या टोपीच्या हालचालीवर चाले. १९२५ मध्ये सैन्याने काडतूसच बदलले आणि कित्येक वर्षांची मेहनत वाया गेली. पुन्हा दारू आडवी आली म्हणायची! गॅरंड यांनी वायूवर चालणारी नवी रचना केली. १९३६ मध्ये ती ‘एम-वन’ या नावाने स्वीकारली गेली. आठ गोळ्यांची ही रायफल दुसरे महायुद्ध संपेपर्यंत सुमारे चाळीस लाख बनल्या. गॅरंड यांनी पेटंटचे हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक काँग्रेसपुढे आले, ते मंजूर झाले नाही.

आपल्याकडे या विलंबाची किंमत १९६२ मध्ये कळली. चिनी सैनिकांच्या हाती अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित रायफली होत्या, आपले बहुतेक जवान बर्फात थ्री नॉट थ्रीचा बोल्ट ओढत होते. युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात बनलेली एसएलआर पायदळाकडे आली आणि नव्वदच्या दशकात इन्सास येईपर्यंत राहिली. या एसएलआरच्या नळीजवळ एक छोटी फिरकी असते. काजळी साचून रायफल जड चालू लागली की जवान ती फिरवून वायू थोडा वाढवून घेतो.