केमचं कुंकू आणि यंत्राची नजर

करमाळा तालुक्यातलं केम दौंड-सोलापूर लोहमार्गावरचं स्थानक. पण गावाची खरी ओळख कुंकवाची.

पारंपरिक कुंकवात हळद, टाकणखार आणि लिंबाचा रस. हळदीतलं कुर्क्युमिन अल्कलीत लालसर होतं. टाकणखारातल्या बोरॉनशी ते आम्लात जोडलं गेलं, की गडद लाल संयुग तयार होतं. आता बाजारात स्टार्च आणि कृत्रिम रंगाचं स्वस्त कुंकूही भरपूर मिळतं, आणि टिकलीनं तर करंड्याची जागाच घेतली.

बाजार बदलला, तशी कामंही बदलतात. जागतिक आर्थिक मंचाच्या 2025च्या अहवालातला अंदाज असा, की 2030पर्यंत कामगारांची 39 टक्के मुख्य कौशल्यं बदलतील किंवा कालबाह्य होतील. असे आकडे ऐकले, की संगणकच डोळ्यांपुढे येतो. कुंकवाचा धंदा मात्र कुणाला आठवत नाही!

इथे दळणं-चाळणं यंत्राकडे सहज जातं. छटा जुळवणं, ओल ओळखणं अवघड. तरी रंगमापक यंत्र छटेचाही आकडा देतं. मग त्या आकड्याचं काय करायचं, हळद किती वाढवायची, हे ठरवणारा माणूस लागतोच. शिवाय घटकांची तपासणी, लेबल, ऑनलाइन विक्री ही नवी कामं.

अनुभवातून आलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. हाताला कळणारी ओल तिथल्या परीक्षेत कशी मोजणार, हा प्रश्न उरतो.