एक हिरवं घर

रात्रीचे साडेदहा. पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीनं मांडवीतल्या या जहाजावर आलोय आणि रूलेटच्या टेबलामागं उभा आहे. निम्मं टेबल मराठीत बोलतंय. बोलणारच. महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा १९७६ साली केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३मध्ये रद्दही करून टाकला. हौस भागवायची तर घाट उतरूनच यावं लागतं.

डीलर मुलगी चाक एका बाजूला फिरवते, पांढरी गोटी उलट बाजूला सोडते. कापडावर हातांची झुंबड. कुणी १७वर थेट चिप ठेवतो, लागली तर एकास पस्तीस. कुणी दोन आकड्यांमधल्या रेघेवर, एकास सतरा.

माझ्या शेजारी सांगलीचे एक काका. बँकेतले निवृत्त कॅशिअर. बसण्याआधी त्यांनी चाक नीट पाहून घेतलं. शून्य एकच आहे ना, की दोन? दोन असती तर उठलो असतो, म्हणाले. डाव्या खिशात पाचशेच्या दहा चिपा. प्रत्येक चिप एकदाच खेळायची. लागली तर ती आणि तिच्यावर मिळालेली, दोन्ही उजव्या खिशात, आणि त्या खिशाला पुन्हा हात लावायचा नाही.

पलीकडं पुण्याचा एक पोरगा. फलकावर ओळीनं चार काळे झळकतायत आणि हा लालवर दुप्पट दुप्पट लावत चाललाय. पाचशे, हजार, दोन हजार गेले. आता चार हजार.

"काका, आता लाल यायलाच पाहिजे."

"गोटीला मागचं आठवत नाही रे. १९१३ साली माँटे कार्लोत ओळीनं सव्वीस वेळा काळा आला होता."

"नो मोअर बेट्स." मुलगी कापडावरून हात फिरवते. गोटी मंदावते, अडखळते, खटखट उड्या मारते. २९. काळा.

पोरगा आठ हजार सरकवतो. कॅशिअरचं डोकं ते, काका पुटपुटत हिशेब मांडतात : सहा वेळा हरला तर साडेएकतीस हजार जातात, सातव्यांदा बत्तीस हजार लावायचे आणि फायदा किती, तर पाचशे. तोवर टेबलाची मर्यादाच आडवी येते.

गोटी बसते. शून्य. हिरवं.

लालवाले, काळेवाले, सगळ्यांच्या चिपा मुलगी एकदमच ओढून घेते. घरं सदतीस, पण पैसे छत्तीस असल्यासारखे मिळतात. कॅसिनोची कमाई या एका घरात आहे. शंभर रुपयांमागं सरासरी दोन रुपये सत्तर पैसे. दोन शून्यांच्या चाकावर सव्वापाच. कुठल्याही युक्तीनं हा आकडा हलत नाही. खेळणाऱ्याच्या हातात राहतं ते एवढंच, किती लावायचं आणि कधी उठायचं.

काकांची दहावी चिपही जाते. दहांतल्या चार लागल्या. उजव्या खिशात चार हजार.

"हजार रुपये गेले. नाटकाच्या तिकिटापेक्षा महाग पडलं," ते उठतात. "पुढची बोट कितीला आहे हो?"

पोरगा पैशांच्या खिडकीशी उभा आहे. साडेपंधरा हजार गेलेत, हातात कार्ड आहे. धक्क्याकडं निघालेल्या बोटीत आम्ही दोघंच बसतो.