मेणबत्तीभोवतीचे निळे कडे

एका शनिवारी सायंकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपल्या आईसह आमच्याकडे आला. आई जरा गहिवरलेली होती. म्हणाली, "फादर, ह्याला वेदीवरच्या मेणबत्त्यांच्या भोवती निळं निळं कडं दिसाय लागलंय. आज तीन दिस झालं. देवाची काय तरी खूण असंल काय हो?" मुलगा लाजून खाली पाहत होता. आम्ही त्याला एवढेच विचारले, "कडे फक्त चर्चमध्ये दिसते की रस्त्यावरही?" तो म्हणाला, "मोटारसायकलवरनं घरी जाताना समोरच्या गाडीच्या दिव्यालाबी दिसतंय. धुकं पडल्यागत." "आणि सकाळी उठल्यावर?" "सकाळी काय नसतंय."

तो फौंड्रीत कोर शॉपमध्ये कामाला लागून महिना झाला होता. खुणेचा उलगडा तेथेच झाला. माउलीचा थोडा हिरमोड झाला खरा, पण तिचा मुलगा रोज रात्री अर्धवट आंधळा होऊन हमरस्त्यावरून गाडी चालवीत होता, ही गोष्ट अधिक महत्त्वाची होती. म्हणून आजचे हे पान आम्ही त्या निळ्या कड्यासाठी देत आहोत.

बेळगाव परिसरात उद्यमबाग, मच्छे या भागांत ओतकामाचे पुष्कळ कारखाने आहेत, आणि आपल्या धर्मग्रामातील किती घरांतून एक भाऊ शेतावर व दुसरा फौंड्रीत अशी वाटणी आहे हे वाचकांना ठाऊकच आहे. पोकळ भाग ओतावयाचा तर साच्यात वाळूचा कोर बसवावा लागतो. हा कोर पूर्वी भट्टीत भाजून कडक करीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'कोल्ड बॉक्स' नावाची रीत निघाली. वाळूत दोन प्रकारची राळ मिसळायची, मिश्रण पेटीत भरायचे, आणि त्यातून अमाइन नावाच्या रसायनाची वाफ फुंकायची. काही सेकंदांत वाळू दगडासारखी होते. भट्टी नको, जळण नको. काम झपाट्याने होते, म्हणूनच ही रीत जगभर पसरली.

वाफ फुंकण्यासाठी जे अमाइन वापरतात त्यांत ट्रायएथिलअमाइन हे एक प्रमुख. दिसायला पाण्यासारखे स्वच्छ. वास मात्र कुजलेल्या मासळीचा आणि नवसागराच्या वाफेचा मिळून असतो तसा. ते सुमारे ८९ अंश सेल्सिअसला उकळते, पण त्याची वाफ थंडीतही पेटण्याइतकी निघते. ही वाफ हवेहून सुमारे साडेतीन पट जड असते, म्हणून ती वर न जाता जमिनीवरून सरपटत जाते. फौंड्रीत तर रसरसलेले लोखंड जवळच असते.

डोळ्यांचे काय होते ते पाहू. बुबुळावर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याच्या वरच्या थरात ही वाफ शिरली की त्याला सूज येते. वाफ आलेल्या खिडकीच्या काचेतून दिवा पाहिला तर त्याभोवती जसे कडे दिसते, तसेच हे. स्वीडनमध्ये स्वयंसेवकांना मोजून मापून ही वाफ देऊन केलेला अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यांना धूसर दिसू लागले, निळसर झाक आली, आणि कामापासून दूर झाल्यावर काही तासांत सूज ओसरली. आमच्या तरुणाला सकाळी 'काय नसतंय' ते याचमुळे. परंतु जे ओसरते ते निरुपद्रवी, असे समजू नये. पाळी सुटते रात्री, सूज असते तेव्हाच, आणि घरचा रस्ता वळणाचा असतो. असे दिसू लागले तर त्या रात्री गाडी चालवू नये, सोबत्याच्या मागे बसावे किंवा बस धरावी. कोर शॉपशी संबंध नसलेल्या कोणाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील आणि डोळा दुखत असेल तर तो काचबिंदूही असू शकतो. त्यांनी उशीर न करता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

कडे दिसणे याचा सरळ अर्थ असा की हवेत अमाइन जादा आहे. नाकावर विसंबू नये, कारण नाक लवकर सरावते आणि वास येईनासा होतो. पेटीला सील नीट नसणे, वाफ ओढून घेणारा पंखा बंद असणे, किंवा ती वाफ सौम्य आम्लात धुऊन काढणारी टाकी निकामी होणे, ही नेहमीची कारणे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तयार झालेले कोरसुद्धा रचून ठेवल्यावर बराच वेळ अमाइन सोडीत राहतात, म्हणून त्यांच्या राशीशेजारी बसून डबा खाऊ नये. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क वाफ अडवीत नाही. कापडी हातमोजा तर नसल्याहून वाईट, कारण तो द्रव शोषून कातडीला धरून ठेवतो.

वाफ ही एक गोष्ट, द्रव अंगावर सांडणे ही दुसरी, आणि ती फार गंभीर. अमाइन हे आम्ल नव्हे, अल्कली आहे. लोकांना तेजाबाची भीती असते, अल्कलीची नसते. वास्तविक तेजाब बहुधा वरचा थर जाळून तेथेच एक खपली धरते. अल्कली मात्र चरबीचा साबण करीत, मांस विरघळवीत आत आत उतरते. डोळ्यात गेले तर प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. जवळ जे स्वच्छ पाणी असेल, नळ, बादली, घागर, त्याने पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान पंधरा मिनिटे, जमल्यास अर्धा तास सतत धुवावे, आणि मगच दवाखान्यात न्यावे. गाडी १०८ ला आधी बोलवावी, पण धुणे थांबवू नये. कातडीवर पडल्यास भिजलेले कपडे ताबडतोब उतरवून असेच भरपूर पाणी घालावे. लिंबू किंवा व्हिनेगर ओतून 'मारा' करण्याच्या फंदात पडू नये, आणि हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. पोटात गेल्यास ओकारी काढू नये, कारण येताना ते घसा पुन्हा जाळते. वाफ छातीत जास्त गेली असेल तर माणूस बरा दिसला तरी त्याला एकटे घरी पाठवू नये. फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. डॉक्टरांना 'केमिकल' एवढेच न सांगता रसायनाचे नाव सांगावे. ते ड्रमवरच्या चिठ्ठीवर असते. ट्रायएथिलअमाइनचा आंतरराष्ट्रीय क्रमांक १२९६ आहे, नाव वाचता येत नसल्यास तो क्रमांक लिहून न्यावा.

भोपाळची दुर्घटना १९८४ च्या डिसेंबरात घडली. तेव्हा डॉक्टरांनाच वायू कोणता हे नीट कळत नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक रसायनांची माहिती कामगारांना देणे कारखान्यांवर बंधनकारक झाले. तेव्हा सुपरवायझरकडे माहितीपत्रक मागण्यात उद्धटपणा मुळीच नाही.

आता शेताकडे वळू, कारण हे रसायन फौंड्रीत थांबत नाही. रिकामा ड्रम स्वस्तात मिळतो, कधी फुकटही. मग तो परड्यात येतो. कोणी जनावरांना पाणी ठेवतो, कोणी फवारणीचे पाणी, कोणी वरचे झाकण कापून त्यात भात भरण्याचा बेत करतो. रिकामा ड्रम हा खरोखर रिकामा नसतो. तळाशी उरलेल्या चमचाभर द्रवाची वाफ आत भरलेली असते, आणि गॅसने किंवा ग्राइंडरने तो कापावयास घेतला तर ठिणगीसरशी फुटतो. भरलेल्या ड्रमपेक्षा असा ड्रम कापणे अधिक घातक, हे वेल्डिंगवाल्या भावांनी विशेष लक्षात घ्यावे. धुऊन काम भागेल म्हणाल, तर ते धुवण कोठे जाणार? विहिरीत, नाल्यात, आणि तेथून मासे व गुरांपर्यंत. कामाचे कपडेही घरच्या, विशेषतः लहान मुलांच्या, कपड्यांत धुवू नयेत.

जाता जाता उसवाल्यांसाठी एक सूचना. तणनाशक २,४-डी च्या बाटलीवर 'अमाइन सॉल्ट' असे छापलेले आढळते. ते अमाइन वेगळे आणि बांधलेले असते, त्याला तसा भपकाही येत नाही. तरीही ते तीव्र द्रावण डोळ्यात उडाले तर कायमची इजा होऊ शकते. माप ओतताना चष्मा लावावा, आणि धुण्याची रीत वर सांगितली तीच.

त्या तरुणाने सुपरवायझरला सांगितले. पहिल्यांदा हसण्यावारी नेले, मग आणखी दोघांनी आपल्यालाही कडी दिसतात असे सांगितल्यावर पेटीचे सील पाहिले गेले, ते झिजलेले निघाले. त्याला आता मेणबत्त्या मेणबत्त्यांसारख्याच दिसतात. त्याच्या परड्यात मात्र निळा ड्रम उभा होता, म्हशीच्या पाण्यासाठी आणलेला, सुदैवाने अजून न वापरलेला. त्याचे बूच घट्ट लावून तो चुलीपासून लांब, सावलीत ठेवला आहे. कारखान्याची गाडी येत्या आठवड्यात तो परत नेणार आहे. आपापल्या परड्यात असे ड्रम असतील त्यांनी चिठ्ठीवरचे नाव लिहून आणून रविवारी आम्हांस दाखवावे. ड्रम आणू नये.