जुनी बुलेट पेट्रोल गाळतेय? कार्बोरेटर बदलण्याआधी हे वाचा

समजा, नोकरीत बदली झाली आणि तुम्ही पुण्याहून कोलकात्याला राहायला आलात. सामानाबरोबर बाबांची जुनी बुलेटही रेल्वे पार्सलने हावड्याला उतरली. घरी आणून टाकीत पेट्रोल भरलंत, कॉक उघडलात, किक मारायला पाय उचललात आणि खालून आवाज आला, टप टप टप. कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल थेट जमिनीवर!

शेजारचे म्हणतात, "कार्बोरेटर गेला, नवीन टाका." घरचे म्हणतात, "विकून टाका एकदाची." पण जरा थांबा. गाडी अशी 'ओव्हर' होते तेव्हा बहुतेक वेळा दोष बोटाच्या पेराएवढ्या एका भागात असतो.

सगळ्यात आधी हे करा

पेट्रोल कॉक बंद करा. किक मारू नका. कोलकात्याच्या गल्लीत चहावाल्याची पेटलेली उनान अगदी हाताच्या अंतरावर असते, म्हणून गाडी ढकलत मोकळ्या जागी न्या. सांडलेल्या पेट्रोलवर माती किंवा वाळू टाका. वास पूर्ण जाईपर्यंत सिगारेट नको, ठिणगी नको. मुलांनाही लांब ठेवा.

आत नेमकं काय होतं?

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी वर आलं की चेंडू तरंगतो आणि नळ बंद होतो. चेंडू फुटला किंवा नळात कचरा अडकला की टाकी वाहू लागते.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत अगदी हेच चालतं. तिथला चेंडू म्हणजे फ्लोट आणि नळ बंद करणारी टोकदार पिन म्हणजे नीडल. पेट्रोल पुरेसं भरलं की फ्लोट वर येतो आणि नीडल छिद्र बंद करते. ते छिद्र नीट बंद झालं नाही, तर पेट्रोल येतच राहतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही जुन्या जावा आणि बुलेटच्या कार्बोरेटरवर 'टिकलर' नावाचं छोटं बटण असतं. थंड इंजिन चालू करताना ते दाबून मुद्दाम थोडं पेट्रोल जास्त घेतात. तेव्हा दोन थेंब सांडले तर तो बिघाड नव्हे. बटण सोडल्यावरही गळत राहिलं, तरच काळजी करा.

स्वस्तापासून सुरुवात करा

१. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा. साइड स्टँडवर गाडी कलते, वाटीतली पातळी बिघडते आणि काही वेळा गळती फक्त त्यामुळेच होते.

२. कॉक उघडा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच दोन-तीनदा टकटक करा. गळती थांबली तर नीडलखाली कण अडकला होता. पण हा तात्पुरता उपाय आहे, कारण पुढचा कण टाकीतून येणारच.

३. कॉक बंद करा, वाटी उघडा आणि आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी तांबूस गाळ दिसला तर तो टाकीतला गंज. वेगळे गोल थेंब दिसले तर ते पाणी.

४. नीडलचं टोक उजेडात धरून बघा. टोकाभोवती खाच पडली असेल तर ती बदला. छिद्राची सीट निघणारी असेल तर तीही जोडीने बदला. झिजलेल्या सीटवर नवी नीडल फार दिवस टिकत नाही.

५. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे आणि तो तरंगणार नाही. फ्लोट चांगला असेल, तर त्याची उंची मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.

प्रवासाचा यात काय संबंध?

रेल्वेने गाडी पाठवताना टाकी रिकामी करावी लागते. रिकाम्या टाकीच्या पत्र्याला आतून दमट हवा लागते आणि गंज धरतो. कार्बोरेटरमधले रबर आणि गॅस्केट सुकून आक्रसतात. मग नवीन पेट्रोल येताना गंजाचा कण थेट नीडलखाली जाऊन बसतो.

त्यातच हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. कोलकात्याच्या दमट पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे आणखी त्रासाचं. म्हणून टाकी धुऊन घ्या, पेट्रोलच्या नळीत छोटा फिल्टर लावा आणि गाडी उभी करताना दर वेळी कॉक बंद करा.

किक मारण्याआधी ऑइल बघा

लोक हेच विसरतात आणि मोठं नुकसान करून घेतात. गळलेलं पेट्रोल फक्त बाहेरच पडतं असं नाही. ते सिलिंडरमधून झिरपत इंजिन ऑइलमध्येही जातं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली, ते पातळ वाटलं किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलूनच इंजिन चालू करा. पातळ ऑइलवर बेअरिंग खराब होतात आणि काही रुपयांच्या नीडलपायी अख्खं इंजिन उघडावं लागतं.

किक अडकल्यासारखी वाटली तर अजिबात जोर लावू नका, सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असू शकतं. इग्निशन बंद ठेवा, प्लग काढा आणि पेट्रोल बाहेर निघेपर्यंत हळूहळू किक फिरवा. प्लग पुसून, वाळवून मगच परत बसवा.

भाग कुठे मिळतील?

कोलकात्यात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पार्क स्ट्रीट आणि एजेसी बोस रोडच्या परिसरातला मल्लिक बाजार प्रसिद्ध आहे. तिथे नुसतं "बुलेटची नीडल द्या" म्हणू नका. जुनी नीडल कागदात गुंडाळून सोबत न्या आणि कार्बोरेटरवर कोरलेलं नाव आणि नंबर यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळे कार्बोरेटर बसलेले असतात. दिसायला सारखी नीडल लांबीने जराशी वेगळी असली, तरी गळती पुन्हा सुरू होते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ नियम लागू झाले आणि नवीन बुलेटवर कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे कार्बोरेटर हातात घेऊन दोष सांगणारे मिस्त्री आता कमी होत जाणार. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर एका रविवारी घरातल्या मुलांना शेजारी बसवा आणि वाटी उघडून दाखवा. गच्चीवरच्या टाकीतला चेंडू त्यांनी पाहिलेलाच असतो, त्यामुळे हे समजायला त्यांना वेळ लागणार नाही. उद्या ही गाडी त्यांच्याच हातात जाणार आहे.