माणदेशी : आधी बचत, मग कर्ज

म्हसवडमध्ये रस्त्याकडेला पालात राहून लोहारकाम करणारी एक बाई नव्वदच्या दशकात बँकेत गेली. तिला कर्ज नको होतं. रोजच्या कमाईतले चार पैसे बाजूला टाकायचे आणि पावसाळ्याआधी पालावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, एवढाच तिचा बेत होता. बँकेनं तिचं खातं उघडलं नाही. इतक्या लहान रकमा घेत बसणं बँकांना परवडत नाही. ती बाई म्हसवडलाच राहणाऱ्या चेतना सिन्हांकडे आली, आणि त्यातून पुढं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

मला या संस्थेचं सगळं वेगळेपण या सुरुवातीत दिसतं. गरीब बाईला कर्ज द्यायला आज पुष्कळ कंपन्या दारात येतात, आठवड्याचा हप्ता बांधून देतात, गट करून एकीच्या थकबाकीसाठी दुसरीला धारेवर धरतात. तिची बचत सांभाळायला मात्र कुणी फारसं उत्सुक नसतं. माणदेशीची बँक जन्मली ती बचतीच्या मागणीतून.

म्हसवड माण तालुक्यात आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर पावसानं भिजून निघतं आणि त्याच जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, म्हणजे हा माण तालुका, आभाळाकडे बघत बसतं. गडी माणसं मेंढरांमागं रानोमाळ किंवा कामासाठी मुंबईला. घर, शेळ्या, कोंबड्या आणि बाजारातली पाटी बायांच्या अंगावर. चेतना सिन्हा मूळच्या मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात घडलेल्या. त्याच चळवळीतले विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून ऐंशीच्या दशकात त्या म्हसवडला आल्या आणि इथल्याच झाल्या.

बँकेच्या परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि फेटाळला गेला. कारण साधं होतं: अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. निरक्षर बाया बँक कशी चालवणार? चेतनाताई खचल्या, बाया खचल्या नाहीत. आम्हाला लिहायला शिकवा, म्हणाल्या. दिवसभराचं काम उरकून त्या अक्षरं गिरवायला बसू लागल्या. काही महिन्यांनी त्यांच्यातल्या काही जणी चेतनाताईंबरोबर मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. तिथं एकीनं साहेबांना सरळ आव्हान दिलं. आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, हा आमचा गुन्हा नाही. कुठलीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये परवाना मिळाला. सावकाराच्या व्याजानं होरपळलेल्या बाईला हिशेब येत नाही, असं समजणं हाच खरा अडाणीपणा होता.

बाई बँकेत यायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून बँकच बायांच्या दारात आणि बाजारात गेली, पैसे तिथंच जमा होऊ लागले. पुढं खाती डिजिटल झाली, तेव्हा पिन नंबर देण्याचा बेत होता. बायांनीच तो नाकारला. नंबर कुणीही चोरील, अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायी अर्ज फेटाळला गेला होता, तोच आता खात्याची किल्ली झाला. मला यात त्या बायांची नुसती हुशारी दिसत नाही. आपल्या पैशावर घरात किती डोळे आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि बँकेनं ते ऐकून घेतलं.

पैसा हाती आला तरी धंदा आपोआप येत नाही. २००६ मध्ये ‘माणदेशी उद्योगिनी’ हे व्यवसाय शिक्षणाचं केंद्र सुरू झालं. ज्यांना म्हसवडला येणं जमेना, त्यांच्यासाठी शाळा बसमध्ये बसवली आणि बस गावोगाव फिरू लागली. शिवणकाम, हिशेब, संगणक, शेळ्यांचं कृत्रिम रेतन, असं बरंच काही तिथं शिकवतात. बाईनं शेळ्यांची डॉक्टर व्हायचं, हे आधी गावाला पचलं नाही. शेळ्या गाभण राहू लागल्या तसं पचलं. ज्यांचा धंदा बऱ्यापैकी चालतो त्यांच्यासाठी ‘देशी एमबीए’ आहे. त्यात माल कुठं विकायचा, दर कसा लावायचा, मुद्दल आणि नफा वेगळा कसा ठेवायचा, हे शिकायचं. २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हा रेडिओ आहे. शाळा लांब पडते म्हणून ज्यांचं शिक्षण सुटत होतं त्या मुलींना सायकली मिळाल्या. चेतना सिन्हांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांत त्या होत्या. याच्या बातम्या सगळीकडे आल्या आहेत.

संस्थेची खरी परीक्षा २०१२ च्या दुष्काळानं घेतली. एक बाई बँकेत सोनं तारण ठेवायला आली. कशासाठी? जनावरांना चारा घ्यायला. चाराही नाही आणि पाणीही नाही. तुमची बँक, तुमची शाळा काय कामाची, असं तिनं तोंडावर सुनावलं. चेतनाताईंकडे उत्तर नव्हतं. बँकेच्या कामात न बसणारं काम मग चेतनाताईंच्याच माणदेशी फाउंडेशन या संस्थेनं अंगावर घेतलं: म्हसवडला चारा छावणी उघडली. थोड्या दिवसांसाठी म्हणून उघडलेली छावणी पाऊस हुलकावणी देत राहिल्यानं सुमारे दीड वर्ष चालली. हजारो जनावरं दावणीला, त्यांच्याबरोबर त्यांची माणसं. रोज चारा पुरवायचा, पाण्याची सोय करायची, शेण उचलायचं, आजारी जनावर वेगळं बांधायचं. देणगी, सरकारी मदत आणि शेतकऱ्यांचे कष्ट, सगळं एकत्र आलं तेव्हा हे निभावलं. तोंडावर सुनावणारी ती बाई छावणीभर गाणी म्हणत हिंडायची. पुढं ती माणदेशीच्या रेडिओवर गाऊ लागली.

दान आणि धंदा एकत्र करू नये, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही, निदान माणमध्ये तरी नाही. तिथल्या बाईचं भांडवल म्हणजे गोठ्यातली म्हैस. ती खाटकाकडे गेली की दूध गेलं, बाजार गेला, खातंही गेलं. छावणीनंतर माणदेशीनं बंधाऱ्यांचं काम हाती घेतलं आणि ओढ्यांत पाणी अडवायला सुरुवात केली.