दगडाबरोबर आलेले

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत विकत आणलेले मासे चार-सहाच असले, तरी तिच्यात नांदणाऱ्या जिवांची खरी संख्या शेकड्यांत असते. कारण समुद्रातला दगड, शंख, मूठभर वाळू किंवा शेवाळाचा झुबका यांपैकी काहीच रिकाम्या हाताने येत नाही. दगडाच्या भोकांत, शंखाच्या वळणात आणि वाळूच्या कणांमध्ये दडून जे जीव न बोलावता घरात शिरतात, त्यांना मत्स्यपालकांच्या बोलीत ‘हिचहायकर’ म्हणतात. मालवण आणि देवगड यांच्या मधल्या आचऱ्यासारख्या गावात, जिथे समुद्र आणि खाडी दोन्ही दाराशी आहेत, तिथे हा प्रश्न अधिकच जवळचा होतो; शहरातला हौशी माणूस जे दुकानातून आणतो, ते इथे ओहोटीच्या वेळी नुसते वाकून उचलता येईल असे वाटते.

ते उचलू नये, हे सर्वांत आधी सांगायला हवे. 2001 साली सर्व कठीण प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, झाला. त्यामुळे जिवांनी भरलेला प्रवाळी दगड, ज्याला या छंदात ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, तो समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे. 13 एप्रिल 1987 रोजी जाहीर झालेल्या, सुमारे 29 चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याबाहेरही हा कायदा तसाच लागू असतो. कोरडा चुनखडीचा दगड वापरून त्यावर उपयुक्त जिवाणू वाढू देणे हा मार्ग संथ असला तरी तोच योग्य आहे. मात्र कोरड्या दगडाने पाहुण्यांची वाट पूर्ण बंद होत नाही. विकतच्या गोगलगायीच्या कवचावरून, माशाच्या पिशवीतल्या पाण्यातून किंवा न गाळलेल्या समुद्राच्या पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्यांच्या रूपाने ते येतच राहतात.

आलेला प्रत्येक जीव शत्रू मानणे ही या छंदातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. रात्री दिवे मालवून तासाभराने लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात टाकी पाहिली, की काचेवर टुणटुण उडणारे तिळाएवढे कवचधारी जीव दिसतात. ते उरलेले अन्न आणि कुजका पाला खातात आणि स्वतः माशांचे अन्न होतात. दगडाखालून अर्धे अंग बाहेर काढून चाचपडणारा, दोन्ही कडांना पांढऱ्या कुसळांच्या झुपक्यांची झालर असलेला गुलाबी-तपकिरी किडा पाहून मात्र बहुतेकांच्या अंगावर काटा येतो. हा कुसळकिडा बहुधा निरुपद्रवी सफाई कामगार असतो, आणि त्याची संख्या फार वाढली असेल तर दोष त्याचा नसून गरजेपेक्षा जास्त अन्न टाकणाऱ्या हाताचा असतो. त्याला उघड्या बोटांनी धरल्यास कुसळे कातडीत मोडतात आणि आग होते. तशा वेळी न चोळता चिकटपट्टी लावून ती ओढून काढावीत. याच्या दूरच्या नात्यातला बॉबिट किडा मात्र खरोखर शिकारी आहे. इंग्लंडमधल्या न्यूकी येथील मत्स्यालयात मासे जखमी होऊ लागल्यावर 2009 साली टाकीतली मांडणी उचकटून पाहिली गेली, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा असा एक किडा सापडला. घरच्या टाकीत असा प्रसंग विरळाच.

ज्याच्याशी खरोखर झुंजावे लागते तो ऐप्टेसिया, म्हणजे काचेसारखे पारदर्शक तपकिरी समुद्रफूल. देठावर लांब निमुळत्या स्पर्शकांचा झुपका, आणि त्या स्पर्शकांत सूक्ष्म डंखपेशी, ज्यांनी ते शेजारच्या जिवांना भाजून काढते. त्याला चिमट्याने धरायला जावे तर क्षणार्धात आक्रसून ते दगडाच्या भोकात शिरते, आणि ओढून तोडले तर तळाचा कण तेवढा दगडाला चिकटून राहतो. तो कण पुन्हा वाढून नवे फूल होतो, म्हणजे एक उपटायला गेलेल्याच्या पदरी पाच पडतात. म्हणून ते तोडू नये, जागीच मारावे. पानाला लावतात तोच चुना, पण शुद्ध स्वरूपातला, थोड्या पाण्यात दाट कालवून, टाकीतले पंप बंद करून, सुईच्या पिचकारीने हळूच त्याच्या तोंडावर सोडला, तर ते त्या पांढऱ्या लगद्याखाली जळते. चुन्याने पाण्याचा सामू झपाट्याने वर जातो, त्यामुळे एका दिवशी दोन-तीन फुलांपेक्षा जास्त घेऊ नयेत. बर्घिया नावाची इवली समुद्री गोगलगाय केवळ ऐप्टेसियावरच जगते आणि ते संपले की उपासमारीने मरते, हे तिला आणण्यापूर्वी पालकाने लक्षात घ्यावे.

रात्री दगडातून ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागला आणि सकाळी गोगलगायींची फुटलेली कवचे दिसली, तर मँटिस कोळंबीचा संशय घ्यावा. तिच्या काही जातींचा ठोसा ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगाने बसतो. नवा दगड नेहमीपेक्षा जास्त खारट पाण्याच्या बादलीत मिनिटभर बुडवला, तर तिच्यासारखे आणि खेकड्यांसारखे पाहुणे बहुधा स्वतःच बाहेर पडतात.

एक उपाय मात्र कोणीही करू नये: दगड उकळणे. झोअँथिड नावाच्या, बटणांच्या गालिच्यासारख्या पसरणाऱ्या जिवांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असते, आणि निसर्गातल्या अतितीव्र विषांत त्याची गणना होते. असा दगड उकळल्यास वाफेबरोबर ते श्वासात जाते. परदेशांत या एका चुकीमुळे घरातली सगळी माणसे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना घडल्या आहेत.

डोळ्यांना न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळी युक्ती लागते. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठवणारा क्रिप्टोकॅरियॉन हा एकपेशी परजीवी काही दिवस माशावर जगून खाली पडतो, कोष करतो, आणि कोष फुटल्यावर बाहेर आलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. यावर सर्व मासे दुसऱ्या टाकीत हलवून मुख्य टाकी ओस ठेवतात. काही कोष फार उशिरा फुटत असल्यामुळे जाणकार पूर्ण 76 दिवस थांबतात. आचऱ्याच्या वाचकाला ही कल्पना चटकन उमगेल. साधारण दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खे गाव गुराढोरांसह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जाते, आणि मागे घरे, रस्ते, अंगणे निःशब्द उरतात. त्या गावपळणीमागची श्रद्धा निराळी आणि टाकीतले कारण निराळे, पण वस्ती हलली की जागेचे रूप कसे पालटते, हे या गावाला कोणी शिकवायला नको. हलवलेल्या माशांना तांब्याचे औषध द्यायचे तर ते त्या दुसऱ्या टाकीतच द्यावे, कारण तांब्याने कोळंब्या आणि गोगलगायी मरतात.

काढलेल्या जिवांचे काय करायचे, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि काळजी खरी इथेच घ्यायला हवी. जवळच खाडी आहे म्हणून त्यांना तिथे सोडणे हे दयेचे काम वाटते, पण 1984 मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर मत्स्यालयातून निसटलेले कॉलर्पा शेवाळ हातभर जागेतच दिसले होते आणि पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरले. आचऱ्याच्या खाडीत कालवे आणि तिसऱ्या वेचून घर चालवणाऱ्या बायकांच्या वाट्याला असे काही येऊ नये. नको असलेले जीव गोठवून किंवा उन्हात पूर्ण वाळवून मग पुरावेत, आणि टाकीतले जुने पाणी ब्लीचिंग पावडर घालून दिवसभर ठेवल्यावर विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, कोरड्या जमिनीत मुरू द्यावे.